कारखान्याच्या फाटकावर पाण्याचा आकडा लिहा

मराठवाड्यातील औद्योगिक संघटनांचे पदाधिकारी आणि सर्व सभासद कारखानदार यांना,

सप्रेम नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात युटिलिटी विभागात सुपरवायझर आहे. बॉयलर, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर, डिझेलवर वीज देणारा डीजी सेट, सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी हे सगळं माझ्याकडे. पाणी, वाफ, हवा आणि वीज वेळेवर मिळत राहिली की आमच्या विभागाचं नाव कोणी काढत नाही. बंद पडली की पहिला फोन आम्हाला. या कामाला बावीस वर्षं झाली. पहिल्या पाळीला आलो की सकाळी सात वाजता पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं, वहीत लिहायचं, त्यातून कालचा आकडा वजा करायचा, हे माझं दिवसाचं पहिलं काम. अशा वह्यांचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे. त्यातला एकही आकडा कारखान्याच्या फाटकाबाहेर कधी गेलेला नाही. कोणी विचारला नाही, आम्हीही सांगितला नाही. हे पत्र त्या वह्यांबद्दल आहे.

माझं गाव परंडा तालुक्यात, सीना नदीपासून जवळ. २०२४ च्या उन्हाळ्यात गावात टँकर येत होता. माझी आई पंच्याहत्तरीची, पण टँकरचा आवाज आला की हंडा घेऊन सगळ्यात आधी तीच उभी. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, त्याच गावात सीनेचं पाणी घुसलं. पहाटे तीनला भावाचा फोन आला, तो शाळेच्या गच्चीवरून बोलत होता. आईला खांद्यावर घेऊन वर नेली, दोन म्हशी सोडून दिल्या, एकच परत आली. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा सोयाबीन शोधायचा प्रश्नच नव्हता, वावरच सापडत नव्हतं. वरची काळी माती गेली होती, खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता. पंचनाम्याच्या कागदावर त्याला ‘खरडून गेलेली जमीन’ म्हणतात. भाऊ बांधावर बसला होता. मला म्हणाला, "दादा, पीक गेलं तर पुढच्या साली येतं. माती कुठून आणायची?"

त्याच दिवसांत गोदावरीवरच्या जायकवाडी धरणातून तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं आणि पैठणमध्ये लोकांना घरं रिकामी करावी लागली. मी बॉयलरवर काम करणारा माणूस आहे, वाफेचा स्वभाव मला थोडाफार कळतो. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे ती जास्त दिवस कोरडी ओढ देते, आणि ओतते तेव्हा एकदम ओतते. आपल्याकडे पावसाळ्याची सरासरी ६७९ मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरीने शेत भिजत नाही. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत आला तर त्याला सुकाळ म्हणायचं की दुष्काळ? आमच्या गावाने सव्वा वर्षात दोन्ही पाहिलं.

आता वह्यांकडे येतो. २०१६ सालची वही मी जपून ठेवली आहे. त्या उन्हाळ्यात जायकवाडीचा जिवंत साठा संपला होता. शहर आणि आपले कारखाने मृतसाठ्यावर, म्हणजे धरणाच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर, चालले होते. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं म्हणून १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली, इतर उद्योगांनाही झळ बसली.

कपात आल्यावर आमच्या विभागाला पहिल्यांदा मोकळा हात मिळाला. आम्ही खराब झालेले स्टीम ट्रॅप बदलले, म्हणजे वाफ न सोडता फक्त पाणी बाहेर काढणारे व्हॉल्व्ह. वाफ निवून झालेलं, पण अजून गरमच असलेलं पाणी, ज्याला आम्ही कंडेन्सेट म्हणतो, ते गटारात जात होतं, ते पाइप टाकून परत बॉयलरच्या टाकीत आणलं. कूलिंग टॉवरचं पाणी किती वेळा फिरवून मग सोडायचं याचं गणित नीट बसवलं. यात कोणतंही परदेशी तंत्र नव्हतं. दोन फिटर, एक वेल्डर आणि पाच आठवडे. वहीतला रोजचा आकडा पाचव्या हिश्श्याने उतरला. गरम पाणीच परत येत होतं, त्यामुळे बॉयलरला जळणही कमी लागायला लागलं. हे आम्हाला आधीही करता आलं असतं. बारा वर्षं मी तिथे होतो, ते गरम पाणी माझ्या डोळ्यांसमोर गटारात जात होतं. त्यात माझाही दोष आहे.

आणि पुढचं सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाऊस पडला, धरण भरलं, कपात उठली. आकडा हळूहळू वर चढायला लागला. कुणी मुद्दाम चढवला नाही. एक ट्रॅप गेला तो लगेच बदलला नाही. कंडेन्सेटच्या पंपाचं सील गळायला लागलं, त्याची मागणी खरेदी विभागात पडून राहिली. तीन वर्षांत आम्ही जवळजवळ होतो तिथेच आलो. न्यायालयाचं लक्ष होतं तोवर आकडा खाली होता. लक्ष गेलं, आकडा वर आला. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीतून मला इतकंच नक्की कळलंय की जो आकडा कोणी बघत नाही तो वाढतो.

म्हणून माझी मागणी एकच आहे. प्रत्येक कारखान्याने आपल्या फाटकाबाहेर, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला वाचता येईल असा एक फलक लावावा. काल किती पाणी घेतलं, त्यातलं किती प्रक्रिया करून परत वापरलं, छतावरून पावसाचं किती मिळवलं. तीन आकडे. मराठीत.

आपल्यापैकी अनेकजण काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या इथेही तेच ऐकलंय. आकडा बाहेर गेला की गावातले लोक मोर्चा घेऊन येतील, वर्तमानपत्रात मथळा येईल, उद्या कपात आली तर पहिला नंबर आपला लागेल. ही भीती खोटी नाही. पण आज लोकांना काय वाटतं ते विचारा. जायकवाडीचं सगळं पाणी दारूच्या कारखान्यांना जातं, असं चहाच्या टपरीवर कोणीही छातीठोकपणे सांगतो. प्रत्यक्षात सिंचन आणि बाष्पीभवन यांच्या मानाने आपल्या उद्योगांचा वाटा लहान आहे. हे आपल्याला माहीत आहे, पण आपण आकडा झाकून ठेवतो आणि लोकांच्या मनात तो दसपट होतो. झाकलेल्या आकड्याचा त्रास आपल्यालाच जास्त होतो.

बरं, हा आकडा सगळ्यांपासून झाकलेला आहे असंही नाही. शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या हजार कंपन्यांना बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून दरवर्षी आपण किती पाणी घेतलं, किती वीज वापरली, किती कार्बन सोडला हे अहवालात सांगावं लागतं. त्यातल्या काही कंपन्यांचे कारखाने आपल्या वसाहतींमध्येही आहेत. तो अहवाल इंग्रजीत असतो आणि सगळ्या देशातल्या कारखान्यांची बेरीज करून दिलेला असतो. म्हणजे मुंबईत बसलेल्या गुंतवणूकदाराला आकडा कळतो, आणि ज्याच्या विहिरीशेजारून आपली पाइपलाइन जाते त्या माणसाला तो कळत नाही. तोच आकडा फक्त वाळूजचा, शेंद्र्याचा, जालन्याचा वेगळा काढून फाटकावर लिहायचा आहे.

वाळूजच्या शेजारीच पाटोदा गाव आहे. तिथे ग्रामपंचायतीने घराघराच्या नळाला मीटर बसवले. धुणीभांडी करणारी बाई तिथे आपण किती पाणी वापरलं ते सांगू शकते. त्या गावाच्या कुंपणाला लागून आपले कोट्यवधींचे कारखाने उभे आहेत. पाटोद्याच्या बाईकडून जी अपेक्षा आहे, ती आपल्याकडून करायला काय हरकत आहे?

छताचं गणित तर मला रात्री झोपताना आठवतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे शाळेत शिकलेलो. हजार चौरस मीटरच्या पत्र्यावर सरासरीइतका पाऊस पडला तर पावणेसात लाख लिटर. लातूरला पहिल्या रेल्वेने आलेल्या पाण्यापेक्षा जास्त! आणि आपल्या वसाहतींमध्ये दहा हजार चौरस मीटरची शेड काही नवलाची नाही. त्यातलं वीस टक्के वाया गेलं असं धरलं तरी चौपन्न लाख लिटर उरतं. हे पाणी आज पत्र्यावरून पन्हळीत, पन्हळीतून रस्त्यावर, रस्त्यावरून कामगार वस्तीत जातं आणि पावसाळ्यात तिथल्या खोल्यांत गुडघाभर चढतं. पूर आणि टंचाई या दोन्हींत एकाच छताचा हात आहे.

आपल्याला हे जमणार नाही असं मला अजिबात वाटत नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या शहराच्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, सगळ्या देशात बातमी झाली. नंतर विजेवरच्या मोटारींसाठीही आपल्यातल्याच लोकांनी तशीच एकजूट केली. खाम नदीच्या कामाला उद्योगांनी हातभार लावला, ज्या नदीला आम्ही नाला म्हणायचो तिच्या काठावर आज लोक संध्याकाळी फिरायला जातात. जालन्यात घाणेवाडीचा निजामाच्या काळातला तलाव गाळाने भरला होता. तिथल्या नागरिकांनी आणि उद्योजकांनी वर्गणी काढून तो वर्षानुवर्षं उपसला, गाळ शेतकऱ्यांनी वावरात नेऊन टाकला. हे सगळं आपणच केलंय. एका दिवशी दीडशे गाड्या दारात उभ्या राहू शकतात, तर एका दिवशी दीडशे फलकही उभे राहू शकतात.

साखर कारखान्यांनाही हे पत्र आहे. २०१९ मध्ये विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातून शासनाकडे अहवाल गेला होता, मराठवाड्यात ऊस आणि नवे साखर कारखाने थांबवावेत असा. त्याचं पुढे काही झालं नाही, आणि उसाला बांधलेला भाव असतो तसा सोयाबीनला हातात पडत नाही तोवर शेतकऱ्याला दोष देण्यातही अर्थ नाही. माझ्या भावाचाही अर्धा एकर ऊस होता. पण गाळप होतं तेव्हा उसातूनच पाणी निघतं, ते बऱ्याच कारखान्यांत परत वापरलं जातं. किती, ते सभासद शेतकऱ्याला ऊस टाकायच्या गव्हाणीजवळ लिहिलेलं दिसू द्या. तो कारखान्याचा मालक आहे.

आता त्या मुलांबद्दल, ज्यांच्यामुळे हे पत्र लिहायचं मनावर घेतलं. माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिच्याबरोबर दहा-बारा जणांचा गट आहे. हवामान बदलावर आधी ही मुलं पोस्टर रंगवायची, क्रांती चौकात उभी राहायची. गेल्या दोन वर्षांपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आसपासच्या गावांतल्या अकरा विहिरींची पातळी मोजतात, दोरीला दगड बांधून आणि टेप लावून. शेतकरी आधी हसायचे. आता उशीर झाला तर फोन करून विचारतात, पोरं का आली नाहीत म्हणून.

पर्यावरण दिनाला एका कारखान्याने या मुलांना झाडं लावायला बोलावलं. बॅनर होता, टोप्या होत्या, करंज आणि कडुलिंबाची रोपं होती. तिथल्या माळ्याने रोपांना ज्या पाइपने पाणी घातलं ते आरओमधून बाहेर पडणारं क्षारांचं पाणी होतं. एका मुलीच्या खिशात पाण्यातले क्षार मोजणारं पेनासारखं टीडीएस मीटर होतं, तिने बादलीत बुडवून बघितलं. आकडा अडीच हजारांच्या वर. तिने साहेबांना विचारलं, "सर, रोज हे पाणी घातलं तर झाड जगेल का?" साहेब फोटोसाठी पुढे गेले. दिवाळीपर्यंत पानांच्या कडा जळाल्या, पुढे रोपं वाळली. मी त्या साहेबांना दोष देत बसत नाही, तेही माझ्यासारखेच कोणाच्या तरी हाताखाली आहेत. पण ही मुलं आपल्याकडे आली तेव्हा त्यांच्या हातात मोजायचं साधन होतं आणि आपण त्यांच्या हातात फावडं दिलं. त्यांना झाडं लावायला बोलावू नका असं म्हणत नाही. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, झाडं लागलीच पाहिजेत. पण त्यांना एकदा युटिलिटीत आणा. मीटर दाखवा, ईटीपी दाखवा, वही दाखवा. ती चुका शोधतील, शोधू द्या. सल्लागाराला आपण त्याचेच पैसे देतो.

मुलांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर दोन गोष्टी सांगतो. एमआयडीसी सरकारी आहे, तिने कोणाला किती पाणी दिलं हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. आणि वीज दरवाढीचा प्रस्ताव येतो तेव्हा राज्य वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो, तिथे कोणीही लेखी म्हणणं देऊ शकतं. चौकात उभं राहायला जितकं धाडस लागतं तितकीच चिकाटी या कागदाला लागते.

विजेचा विषय निघालाच आहे तर महावितरणच्या अधिकाऱ्यांनाही चार ओळी. आमच्या शहराला आणि वसाहतींना जायकवाडीचं पाणी पंपाने उचलून आणावं लागतं, कारण धरण खाली आणि शहर वर. तिकडे पंपगृहाची वीज दोन तास गेली की इकडे आठवड्याने येणारं पाणी आणखी एक दिवस लांबतं. आणि वीज तयार करायलाही पाणी लागतं. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. ज्या कोळशाने हवा तापते, तो कोळसा जाळायलाच तापलेल्या हवेने पाणी शिल्लक ठेवलं नाही. म्हणून शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनीचं मी मनापासून स्वागत करतो. माझ्या भावाने आयुष्यभर रात्रीच्या लाइटवर दारं धरली, बॅटरी तोंडात धरून, पायाखाली साप आहे की काठी हे न कळता. दिवसा थ्री फेज मिळणं म्हणजे काय हे ज्याने रात्री पाणी दिलंय त्यालाच समजेल. पण कोणत्या फीडरला दिवसा वीज सुरू झाली, कोणत्या नाही आणि का नाही, हे गावातल्या डीपीजवळ लिहा. लाइनमनला विचारलं तर त्यालाही ठाऊक नसतं, आणि शिव्या त्यालाच बसतात. सौर पंपाला बिल नाही, त्यामुळे बोअर दिवसभर चालू राहायचा धोका आहे, तोही मोकळेपणाने बोलायला हवा. त्या अकरा विहिरींतल्या चार विहिरींच्या आजूबाजूला गेल्या वर्षात सौर पंप बसले आहेत, मुलांची नोंद सुरू आहे.

जायकवाडीच्या पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प आणायचं चाललंय. कहार समाजाच्या लोकांनी त्याविरुद्ध दाद मागितली होती, २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं. निकालावर मी बोलणार नाही. सौरऊर्जा हवी हेही मला मान्य आहे. मात्र नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, हे पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळं टाकणाऱ्यांचं पोट त्याच पाण्यावर आहे. किती पाणी झाकलं जाणार, जाळं कुठे टाकता येणार, बाष्पीभवन किती वाचणार हे त्यांना त्यांच्या भाषेत, पैठणच्या घाटावर येऊन आधी सांगायला हवं होतं. आकडे लपले की माणसं कोर्टात जातात.

मला माहीत आहे, आमच्या कारखान्याच्या पाण्याचा आकडा या पत्रात लिहिला असता तर पत्राला वजन आलं असतं. तो माझा नाही, कंपनीचा आहे, आणि मला नोकरी आहे. म्हणून तो मी चोरून देत नाही, आपल्याकडून उघडपणे मागतो.

फलकाचा खर्च फार नाही. रांजणगावच्या एका रंगाऱ्याला मी विचारून ठेवलंय. चार बाय तीनचा पत्रा, पांढरा रंग, वर कंपनीचं नाव आणि खाली तीन ओळी. आकडे रोज बदलायचे म्हणून तेवढी जागा काळी ठेवायची, खडूने लिहिता येईल अशी. पहिल्या फलकाचे पैसे मी देतो. सकाळी सातला रीडिंग घेऊन झालं की फाटकापर्यंत चालत जायला मला चार मिनिटं लागतात. फक्त आपली परवानगी हवी आहे.

आपला,
युटिलिटी सुपरवायझर,
वाळूज औद्योगिक वसाहत